दुकान बुडायलंय, झोप उडालीय: या काळात डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसतं वाचत आलो. आज लिहायलोय, कारण घरात बोलता येईना.

केज तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, वडिलांनी टाकलेलं. बी-बियाणं, खतं, औषधं. धंद्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जूनमध्ये माल उधारीवर द्यायचा आणि सोयाबीन निघालं की वसुली करायची. २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा लोक आपणहून पैसे आणून देत होते. नंतर भाव चार-साडेचार हजारांत येऊन बसला. त्यात २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसानं उभं पीक नेलं, काही जणांची तर मातीच खरवडून नेली. ज्याच्या रानात काही उरलं नाही, त्याच्या दारात वसुलीला कोणत्या तोंडानं जायचं? माझी उधारी वहीत तशीच पडून आहे. वितरकाला मात्र रोख पाहिजे.

बँकेचं सीसी खातं, म्हणजे दुकानासाठीचं फिरतं कर्ज, एनपीए झालं, थकीत गेलं. वितरकाकडं तारण म्हणून चेक दिले होते, त्यातला एक परत आला आणि वकिलाची नोटीस आली. मधल्या काळात खाजगीतून महिना तीन टक्क्यांनी उचललेत. बँकेला जामीनदार माझा मेहुणा आहे. त्यालाही नोटीस गेली. त्यानं भांडायला तरी फोन करायचा, तोही केला नाही.

पहाटे तीनला डोळे उघडतात आणि काळीज धडधडायला लागतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. जेवण जात नाही. फोन वाजला की हातपाय गार पडतात. शटर अर्धंच उघडतो. बायकोला 'बाजार मंदा आहे' एवढंच सांगितलंय. एक जण म्हणतो कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज टाक, दुसरा म्हणतो गाव सोड आणि पुण्याला जा.

यातून गेलेलं कुणी आहे का इथं? पैशाचं काय व्हायचं ते होईल, पण हे डोक्यातलं कसं निभावलं ते सांगा. कधी कधी वाटतं, आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं.

गोदातीर

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्याचं आधी बोलू. बाकीच्या नोटिसा दोन दिवस थांबतील.

मी नांदेडला मानसोपचार विभागात समाजसेविका होते. सरळ विचारते, जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलंय का? असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, म्हणून न लाजता विचारतेय आणि तुम्हीही न लाजता सांगा. उत्तर इथं द्यायचं नसेल तर आत्ता १४४१६ लावा. ती टेली-मानसची सरकारी लाइन आहे, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला कुणाला उठवायचं हा प्रश्न तिथं येत नाही.

आणि तुमच्या गोदामात काय असतं ते मी सांगायला नको. दुकानाची आणि गोदामाची किल्ली आजच विश्वासाच्या माणसाकडं द्या. काही दिवस एकट्यानं शटर उघडू नका. असा विचार जोर धरतो, तसा ओसरतोही. जोर असेल तेव्हा हाताशी काही नसणं, यानंच कितीतरी माणसं वाचलेली मी पाहिलीत.

मांजराकाठ

ताई, विचार येतो. ठरवलेलं काही नाही. किल्ली चुलतभावाला देतो, पण त्याला कारण काय सांगू?

गोदातीर

खरं तेच सांगा. तोंडातून निघत नसेल तर तुम्ही वर लिहिलंय ते त्याला वाचायला द्या. आणि रात्री कुणीतरी सोबत झोपू द्या.

मोंढा_जुना

माझी उमर आडतीत गेली, लातूरच्या मोंढ्यात. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या काळी माणूस शेत विकायचा पण देणं ठेवायचा नाही. आता जो तो कोर्टात जाऊन हात वर करायलाय. व्यापारात पत गेली की माणूस गेला. नादारीच्या फंदात पडू नका. वितरकाच्या दारात जाऊन बसा, वर्षाची मुदत मागा. धीर धरा, बाकी सगळं मनाचे खेळ असतात.

डबेवाली_लातूर

काका, तुमचा मान राखून बोलते. 'पत गेली की माणूस गेला' हे वाक्य माझ्या नवऱ्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. अशा वेळी असं बोलू नये.

मांजराकाठ दादा, मी तुमच्या बायकोच्या जागेवरून लिहिते. आमची हार्डवेअरची एजन्सी होती. मलाही 'बाजार मंदा आहे' एवढंच सांगितलेलं. खरी गोष्ट मला जावेकडून कळली, तीही लग्नाच्या मांडवात. कर्जाच्या आकड्यानं मी हादरले नाही असं नाही, पण जीव जळला तो यानं की गावाला माहीत आणि मला नाही. तोवर मी आपली त्याच्यावर चिडत होते. जेवत का नाही, पोरांवर का खेकसतो, बाहेर कुणी आहे की काय, इथपर्यंत मनात आलं होतं. तुमच्या घरात आत्ता काय चाललंय याचा अंदाज तुमच्या बायकोला नसेल असं समजू नका. अंदाज चुकीचा असेल एवढंच.

सांगितल्यावर रडारड झाली, दोन दिवस अबोला झाला. मग आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. कुणाचं किती, व्याज किती, कागद कुठला, चेक कुणाकडं, सगळं त्यात उतरवलं. डोक्यात नुसतं 'लई झालंय' एवढंच होतं, वहीत ते अकरा नावं झालं. त्यातली चार नावं अशी निघाली की त्यांचा तगादाच नव्हता. आम्हीच त्यांचा रस्ता चुकवत होतो.

दुसरा नियम केला तो फोनचा. वसुलीचे फोन मी घ्यायचे, तेही दिवसा. नवऱ्याचा फोन संध्याकाळनंतर माझ्या पर्समध्ये. दिवे लागल्यावर घरात कर्जाचा विषय नाही. कुणाला वाटेल पळवाट आहे. असू दे. पण त्याला पहिल्यांदा सलग झोप लागली ती त्यानंतरच, म्हणजे गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाले होते आणि हेही चालू होतं. कशाचा किती गुण ते मला सांगता येणार नाही.

एजन्सी गेली ती गेलीच. मी नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासच्या पोरांचे डबे करायला लागले. लातूरला शिकायला आलेली पोरं आहेत तोवर पोळ्यांना मरण नाही. आता नवरा स्कूटरवर डबे पोचवतो. सुरुवातीला हेल्मेट घालून जायचा, ऊन असो नसो. मला वाटायचं नियम पाळतोय.

बाभूळबन

हेल्मेटवर हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ताई, भारी लिहिलंत.

दादा, कर्जमाफीची वाट बघा की थोडी. निवडणुका आल्या की होतंय काहीतरी.

पासबुक

बाभूळबन, कर्जमाफी झालीच तर ती पीककर्जाची होते. दुकानाचं सीसी त्यात बसत नाही. उगा आशा लावू नका.

मी बँकेतून निवृत्त झालोय. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए होतं. ते संगणक करतो, त्यात मॅनेजरचा तुमच्यावर राग नसतो. तारण मालमत्ता असेल तर सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस येते. ही नोटीस हातात पडली की लोक ती देव्हाऱ्यामागं नाहीतर गादीखाली ठेवतात. उघडा आणि वाचा. तुमचं काही म्हणणं असेल तर त्या साठ दिवसांत लेखी द्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढं ताब्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, ते संभाजीनगरला आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते उगाच रान जाणार म्हणून झुरत बसतात.

एकरकमी परतफेडीचा अर्ज करा. बँकेला बुडीत खात्यापेक्षा तडजोड परवडते. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शिक्का बसेल, पुढची काही वर्षं कर्ज मिळायला अवघड जाईल. सध्याच्या अवस्थेत नवीन कर्ज मिळत नाही हे मला तरी वाईट वाटत नाही.

वसुली एजंटांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, नातेवाइकांपुढं बदनामी, धमकी, हे चालत नाही. रेकॉर्ड करा आणि आधी बँकेकडं लेखी तक्रार द्या. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

कोर्टकट्टा

बीडला दिवाणी वकिली करतो. नादारीचं विचारलंय म्हणून थोडं सविस्तर.

आधी भीतीचं. कर्ज फेडता आलं नाही हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. पैसे द्या असा कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण ती ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यासाठी. नुसत्या गरिबीपायी माणसाला आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईमाणसाला तर अटकच करता येत नाही. जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं आणि जनावरं यांना हात लावता येत नाही.

चेकचं मात्र वेगळं. चेक न वटण्याचं कलम १३८ हा फौजदारी मामला आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यायची असते. नाही दिली तर पुढच्या महिन्याभरात समोरचा केस टाकू शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण ही केस कोणत्याही टप्प्यावर तडजोडीनं मिटवता येते, आणि बहुतेक तशाच मिटतात. कितीतरी लोकअदालतीत मिटतात. दादा, सगळ्यात आधी या नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नंबर १५१००.

आता नादारी. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी एक अख्खा भाग आहे, पण तुमच्या-माझ्यासारख्यांना तो लागूच केलेला नाही. कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता तो डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला. त्यामुळं बाकीच्यांसाठी गाडी अजून १९२० च्या कायद्यावर चाललीय. त्यात पाचशे रुपये देणं असलं तरी अर्ज करता येतो, आणि नादार ठरलेल्यानं न सांगता पन्नास रुपये उधार घेतले तर गुन्हा होतो! शंभर वर्षांपूर्वीचे आकडे, कुणी बदललेच नाहीत. अर्ज जिल्हा न्यायालयात जातो, मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि शेवटी देण्यातून मुक्ततेचा आदेश मागायचा असतो. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं आणि फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क तसाच राहतो. आणि मुख्य म्हणजे तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. मेहुण्याचा विचार करत असाल तर हे लक्षात घ्या.

म्हणून मी सहसा आधी तडजोड बघतो. पण मोंढाकाका म्हणतात तशी ती लाज नाही. काकांच्या काळी लोक शेत विकत होते तेव्हा शेताला गिऱ्हाईक होतं.

खाजगी तीन टक्केवाल्याकडं सावकारीचा परवाना आहे का? नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्यानं तो गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते. एकट्यानं जाऊन भांडू मात्र नका.

आणखी एक, हे मुद्दाम लिहितो. 'मी नसलो की कर्ज मिटेल' असं अशिलांच्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकलंय. मिटत नाही. मालमत्तेतून वसुली चालूच राहते, जामीनदाराच्या मागं लागतात, आणि उत्तरं द्यायला घरात कुणी उरत नाही. कुठला चेक कशासाठी दिला होता हे बायकोला माहीत नसतं. तुम्ही हयात असणं हाच तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

काळं_रान

लिहू का नको असं करत होतो. मी धागेकर्त्याच्या समोरचा माणूस आहे. म्हणजे त्यांचा नाही, पण तसाच. धारूर तालुक्यात पाच एकर. आमच्या गावच्या कृषी केंद्राची माझ्याकडं दोन हंगामांची उधारी आहे.

मी काय करतो ते सांगतो. दुकानावरून जायचं टाळतो. बसस्टँडला जायचं तर मागच्या गल्लीनं. मालक समोर आला तर फोन कानाला लावतो. त्याला वाटत असेल हा माजला. माझी अवस्था अशी की खिशात दोन हजार होते तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या उधारीत दोन हजार काय द्यायचे, लाज वाटते. ते दोन हजार घरात मोडले. असं दोन-चारदा झालं.

तुमचा धागा वाचून कळलं की मालकालाही पहाटे तीनला जाग येत असंल. आमच्यासारख्यांना बोलवा दादा. ओरडू नका, पण बोलवा. 'जमंल तेवढं दे, पावती घे' म्हणा. मोठी रक्कम नाही निघणार. पण तूर निघाल्यावर आधी कुणाला द्यायचं हे माणूस बोलाचालीवरच ठरवतो. जो बोलतच नाही त्याचं मागं राहतं.

मांजराकाठ

काळं रान भाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता येईना. आमच्याकडं पण एक जण आहे, मला बघून फोन कानाला लावतो.

मोंढा_जुना

ताईंना बोलणं लागलं असेल तर तसा हेतू नव्हता. माझं मत मी बदलत नाही, देणं हे देणं असतं. पण मांजराकाठ, तुमचा वितरक लातूरचा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. त्याच्याकडं मी सोबत येतो. मोंढ्यात तिसरं माणूस बसलं की आवाज खाली येतात. परत आलेल्या चेकचं बोलू, आणि उरलेले चेक परत मागू.

बालाघाटी

परळीला वैजनाथाला जाऊन या हो. मला फार फरक पडला होता. गोळ्या-बिळ्या लावून घेऊ नका, सवय लागते.

गोदातीर

परळीला जरूर जा, केजहून लांब नाही आणि घरातून बाहेर पडणं होईल. पण गोळ्यांचं चुकीचं सांगू नका बालाघाटी. नैराश्यावरच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. ती एकदम बंद केली तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. लोक आठव्या दिवशी 'काय फायदा नाही' म्हणून सोडतात, तिथं घोळ होतो. सवय लागणाऱ्या म्हणाल तर त्या झोपेच्या काही गोळ्या, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. त्या नकोत. आणि झोपेसाठी क्वार्टर तर अजिबात नको. डोळा लागतो लवकर, पण पहाटेची जाग आणखी वाईट येते.

दादा, पहाटे जाग, भूक नाही, छातीत धडधड आणि ईसीजी नॉर्मल, कशात मन नाही. हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर याला धीर धरा म्हणून भागत नाही, तपासून घ्यावं लागतं. तुम्हाला अंबाजोगाई जवळ आहे. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती सगळ्यांना असते. आमच्याकडं नांदेडला लातूरचे पेशंट यायचे आणि नांदेडचे लातूरला जायचे, एवढाच त्याचा परिणाम. बसभाडं वाढतं.

एक व्यवहारातली विनंती. औषध सुरू होऊन थोडं स्थिरावेपर्यंत रान विकणं, गाव सोडणं, कुणाला नवीन चेक देणं, यातलं काहीच करू नका. वकिलांनी सांगितलेल्या मुदती पाळायच्या, पण कागद दुसऱ्या माणसानं वाचून मग सही. या अवस्थेत माणूस मागणाऱ्याला 'हो' म्हणून मोकळा होतो.

पासबुक

सहमत. तडजोडीच्या अर्जावरही एकट्यानं सही नको. आणि मेहुण्याला तुम्हीच फोन करा. बँकेत जामीनदार येतो तेव्हा त्याची पहिली तक्रार पैशाची नसते. 'मला आधी सांगितलं नाही' ही असते.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. काल बायकोला सांगितलं. ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं, पण मला वाटलं होतं तुम्हाला काहीतरी मोठा आजार निघालाय आणि तुम्ही लपवायलात.' मग रात्री वही केली. चेकचे नंबर तिनं लिहिले, माझा हात कापत होता. मेहुण्याला फोन अजून केलेला नाही. ती म्हणते भाऊ माझा आहे, मी आधी बोलते. मी नाही म्हणालो, मग हो म्हणालो.

चेकची नोटीस मिळून किती दिवस झाले ते पाकिटावरून काढलं, पंधरा दिवसांतले थोडे बाकी आहेत. कोर्टकट्टा साहेब, निरोप पाठवलाय, बघा.

सोमवारी अंबाजोगाईला जायचं म्हणतोय, चुलतभाऊ येतोय सोबत. ओपीडीला किती वाजता पोचायला पाहिजे? आधीचा ईसीजी न्यावा का?

गोदातीर

सकाळी लवकरच जा, केसपेपरच्या रांगेतच निम्मा वेळ जातो. ईसीजी न्या, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्याही पिशवीत टाका. आधार कार्ड न्या. डॉक्टरांपुढं 'टेन्शन आहे' एवढंच सांगून थांबू नका, इथं पहिल्या दिवशी शेवटचं वाक्य लिहिलं होतं ना, तेही सांगा. तुमच्यानं बोलवलं नाही तर भावाला बोलू द्या.

डबेवाली_लातूर

आणि वहिनींना माझा नंबर द्यायचा असेल तर निरोप करा. दुपारी तीन ते पाच मोकळी असते, डबे गेल्यावर.